काट्यावर चढवण्याआधी: शेलच्या हिशेबाचे काही कानमंत्र

आठ तारखेला स्क्रिप्ट आकडाच देईना. नऊला पुन्हा तेच. दहाला कुणी हातही लावला नाही, तरी ती आपोआप चालू झाली.

गोष्ट खामगावकडच्या एका जिनिंगमधली आहे. नाव सांगत नाही, कारण चूक माझीच होती. नोव्हेंबर लागला होता. सीतादहीची पूजा होऊन वेचणी सुरू झालेली, फाटकापासून रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग. काट्याच्या खोलीतल्या संगणकावर लिनक्स होतं आणि त्यावर मी लिहिलेली दीड पानाची शेल स्क्रिप्ट. आजची तारीख घ्यायची, आवक मिळवायची, गाठींचा अंदाज काढायचा, एवढंच तिचं काम. मुनीमजी चष्म्यावरून बघत म्हणाले, "काऊन रे बापू, तुह्या मशिनीले अष्टमी-नवमीचा उपास हाये काय?" मी हसलो. डिसेंबरच्या आठ तारखेला पुन्हा तेच झालं, तेव्हा मात्र हसू आलं नाही.

पोरी, परवा तू पुण्याहून फोन केलास, "काका, लूपच्या आत बेरीज बरोबर दिसते, बाहेर आलं की शून्य", तेव्हा मला त्या दोन तारखा आठवल्या. तुझ्या प्रश्नाचं उत्तर खाली घाटाच्या कानमंत्रात आहे. पण तेवढंच सांगून थांबलो तर पुढच्या आठवड्यात तू दुसऱ्या खड्ड्यातून फोन करशील. म्हणून माझ्याजवळ आहे ते सगळंच एकदा देऊन टाकतो.

तुझे आजोबा कापसाच्या बाजारात मापारी होते. ते म्हणायचे, "काटा खोटं नाई बोलत बापू. पन त्याच्यावर काय ठेवलं, थे तो सांगत नाई." शेलमधल्या आकडेमोडीचा सगळा स्वभाव एवढ्यात आला. शेल चुकीचं गणित करत नाही. आपण त्याच्या हाती काय दिलं, हे मात्र तो विचारत नाही. त्यातही ओरडणारी चूक परवडली, ती आपल्याला थांबवते. गप्प राहून आकडा देणारी चूक वर्षाचा हिशेब बुडवते.

आणखी एक. या कागदावर मी अंक आणि नावं आपल्या वळणाने लिहितोय, तुला वाचायला सोपं जावं म्हणून. मशीनवर व्हेरिएबलची नावं रोमन अक्षरांत आणि अंक इंग्रजीच ठेव. मराठी अंक दिलेस तर शेलला तो आकडा वाटतच नाही.

काट्यावर चढेपर्यंत सगळं अक्षरच

स्टीफन बोर्न यांचा शेल बेल लॅब्सच्या युनिक्सबरोबर १९७९ साली बाहेर आला, तेव्हा त्याला स्वतःला बेरीजही येत नव्हती. माणसाने टाइप केलेल्या आज्ञा दुसऱ्या प्रोग्रामांपर्यंत पोचवणं हे त्याचं काम. बेरीज हवी असेल तर 'एक्स्पर' नावाचा वेगळा प्रोग्राम बोलवायचा. पुढे त्याच बेल लॅब्समध्ये डेव्हिड कॉर्न यांनी आपल्या शेलमध्ये आकडेमोड आणली. ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेला आणि आज तू वापरतेस तो बॅश १९८९ चा. शेलच्या अंगात गणित असं मागाहून आलं, म्हणून त्याची मूळ समज आजही अक्षरांचीच आहे. व्हेरिएबलमध्ये तू ५ ठेवलास तरी त्याच्या लेखी ते एक अक्षर. दुहेरी कंसाच्या काट्यावर चढलं की मगच त्याचा आकडा होतो.

हे बघ:

आवक=५
आवक+=३

आता आवक किती? आठ नव्हे, ५३. पाचाच्या शेजारी तीन चिकटवला. आठ हवे असतील तर ((आवक += ३)) लिही.

याहून फसवं पुढचं आहे. समज, कापसाचा दर क्विंटलला ५००० आणि वर २०० बोनस. तू लिहिलंस:

दर=५०००+२००

शेलने बेरीज केलीच नाही, '५०००+२००' ही अक्षरं जशीच्या तशी ठेवली. आता तीन क्विंटलचे पैसे काढ:

$((दर * ३)) म्हणजे १५६००
$(($दर * ३)) म्हणजे ५६००

एका डॉलरच्या चिन्हाने शेतकऱ्याचे दहा हजार गेले. डॉलर लावलास की आतला मजकूर आधी तिथे चिकटतो आणि ओळ ५०००+२००*३ अशी होते. गुणाकार आधी, म्हणून ५६००. डॉलर नसेल तर शेल 'दर' उघडतो, आत दिसलेलं गणित आधी पुरं करतो आणि मग तीनने गुणतो. दोन्ही वेळा तो नियमानेच वागला, दोन्ही वेळा गप्प राहिला.

कानमंत्र असा: दुहेरी कंसाच्या आत नावाला डॉलर लावू नकोस. स्क्रिप्टला बाहेरून मिळालेला पहिला-दुसरा शब्द घेताना तो लावावाच लागतो, आणि आणखी एक अपवाद आता येतोच आहे.

पुढचं शून्य शोभेचं नसतं

आता माझी आठ-नऊ तारीख. डेट आज्ञेकडे दिवस मागितला की ती दोन अंकांत देते: ०१, ०२, ०३. आपल्याला ते शून्य शोभेचं वाटतं. बॅशला नाही. सी भाषेच्या जुन्या चालीप्रमाणे पुढे शून्य असलेला आकडा तो अष्टमानात वाचतो, म्हणजे ज्या मोजणीत शून्य ते सात एवढेच अंक आहेत. ०१ पासून ०७ पर्यंत दोन्ही मोजण्या सारख्याच, म्हणून आठवडाभर काही कळत नाही. ०८ आला की त्या मोजणीत आठ हा अंकच नाही. 'व्हॅल्यू टू ग्रेट फॉर बेस' म्हणून शेल ओरडतो. ०९ ला तेच. १० च्या पुढे शून्य नाही, म्हणून गाडी रुळावर.

महिन्यांचं असंच. जानेवारीत लिहिलेली स्क्रिप्ट जुलैपर्यंत सुतासारखी सरळ चालते आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेला अडते. आपल्याकडे पोळ्याच्या आसपासचे महिने ते. बैल सजतात आणि स्क्रिप्ट बसते. सप्टेंबर सरेपर्यंत उठत नाही.

पण ०८ ला मी उपकारकर्ता मानतो, कारण तो ओरडतो. भीती ०१० ची धर. पोत्यांना तीन अंकी क्रमांक असतील तर ०१० म्हणजे शेलच्या हिशेबात आठ, ०४० म्हणजे बत्तीस, ०५५ म्हणजे पंचेचाळीस. इथे चूक दाखवणारं कुणी नाही. छापणाऱ्या प्रिंटएफलाही हीच खोड आहे. एकेरी चौकोनी कंसात तुलना केलीस तर ०८ हा बापडा आठच असतो, दुहेरी चौकोनी कंसात तोच ०८ चूक ठरतो. एकाच घरात दोन जावांचे दोन नियम, म्हण.

उपाय सोपा आहे. आकड्यापुढे 'दहाच्या मोजणीत वाच' असं सांगायचं:

$((१०#$दिवस + १))

इथे डॉलर हवाच. तो विसरलीस तर शेल 'दिवस' या अक्षरांनाच आकडा समजून वाचायला जाईल. तारखेपुरता दुसराही उपाय आहे: लिनक्सवरच्या डेट आज्ञेत टक्क्याच्या चिन्हानंतर उणे चिन्ह घातलं की ती पुढचं शून्य देतच नाही.

रिकामा काटाही शून्यच दाखवतो

काट्यावर काही नाही तेव्हा तो शून्य दाखवतो. मग गाडीच आली नव्हती, की आली आणि रिकामी होती, हे नुसता आकडा पाहून कळेल का? शेलचं तसंच आहे. ज्या नावाचं व्हेरिएबल कधी भरलंच नाही, त्याची किंमत गणितात शून्य. 'वजन' ऐवजी घाईत 'वझन' लिहिलंस तर तो म्हणणार नाही की असलं नाव मला ठाऊक नाही. शून्य धरून पुढे जाईल.

फाइलमध्ये आकड्याच्या जागी शब्द आला तर काय? बॅश त्या शब्दाला दुसऱ्या व्हेरिएबलचं नाव समजतो आणि त्याची किंमत शोधायला जातो. आपल्या तालुक्याच्या रजिस्टरात 'निरंक' लिहायची पद्धत आहे. देवनागरीत 'निरंक' आलं तर शेल अडतो, तुला कळतं. पण कारकुनाने इंग्रजीत 'निल' टाइप केलं की त्या नावाचं व्हेरिएबल नाही, म्हणून शून्य. इथे निदान आकडा योगायोगाने बरोबर निघतो.

मला बसलेला फटका वेगळाच होता. माझ्या स्क्रिप्टमध्ये बेरीज ठेवायच्या व्हेरिएबलचं नाव होतं 'टोटल', आणि कुणीतरी पाठवलेल्या फाइलच्या शेवटच्या ओळीत, वजनाच्या रकान्यात, नुसताच 'टोटल' हा शब्द. शेलने काय केलं असेल? आतापर्यंतची बेरीज अधिक टोटल, म्हणजे आतापर्यंतची बेरीज पुन्हा एकदा. दिवसाची आवक बरोबर दुप्पट! त्या दिवशी फाटकाबाहेरची रांग नेहमीएवढीच होती, एवढ्यावरूनच मला शंका आली.

म्हणून स्क्रिप्टच्या माथ्यावर 'सेट उणे यू' लिहीत जा. न भरलेलं नाव दिसलं की शेल थांबतो. 'वझन' आणि 'निल' दोन्ही सापडतात. पण भरलेलं आणि आतून रिकामं असलेलं व्हेरिएबल त्यातून निसटतं, आणि 'टोटल'सारखं खरंखुरं नाव तर निसटतंच. त्यासाठी काट्यावर चढवण्याआधी तपासणी हवी: मजकूर रिकामा नाही ना, आणि शून्य ते नऊ सोडून त्यात दुसरं काही नाही ना. केस आज्ञेच्या दोन ओळींत हे होतं. या दोन ओळी लिहायचा कंटाळा करू नकोस.

लाखाचा स्वल्पविराम

मोठ्या आकड्यांना आपण स्वल्पविराम देतो, त्यातून हा कानमंत्र आला. एक्सेलमधून आलेल्या फाइलमध्ये रक्कम अशी असते: १,२५,५००. सव्वा लाख आणि वर पाचशे. शेलला ती दिलीस तर उत्तर येतं ५००.

अगदी नुसतं पाचशे. ना चूक, ना इशारा. बॅशच्या गणितात स्वल्पविराम ही एक क्रिया आहे: डावीकडचं गणित कर, ते सोडून दे, उजवीकडचं कर आणि शेवटचंच उत्तर म्हणून सांग. त्याने एक वाचला, सोडला. पंचवीस वाचला, सोडला. पाचशे वाचला आणि दिला. १,२५,००० असेल तर उत्तर शून्य. १,२५,०८० असेल तर तो ओरडतो, कारण ०८० मध्ये पुढे शून्य आणि आत आठ. म्हणजे एकाच रकान्यात एक रक्कम पाचशे होते, दुसरी शून्य होते, तिसरी अडते. माणूस तिसरी दुरुस्त करतो आणि समजतो, काम झालं.

ऑक नावाच्या आज्ञेकडे पळालीस तरी सुटका नाही. तो स्वल्पविरामाशी थांबतो आणि सव्वा लाखाचा एक रुपया करतो. स्वल्पविराम माणसाच्या डोळ्यांसाठी असतो, मशीनकडे जाण्याआधी तो काढायचा. 'टीआर' आज्ञेने तो एका फटक्यात निघतो. हिशेब संपून छापायची वेळ आली की पुन्हा घाल.

आधी गुणाकार, मग भागाकार

रुईची गाठ १७० किलोची. कापसाचा उतारा ३४ टक्के धर, म्हणजे शंभर किलो कापसातून चौतीस किलो रुई, बाकीची बहुतेक सरकी. पाच क्विंटल कापसाची रुई काढ:

$((५०० * ३४ / १००)) म्हणजे १७०, बरोबर एक गाठ
$((३४ / १०० * ५००)) म्हणजे शून्य

शाळेत आपल्याला दोन्ही सारखेच शिकवले. शेलजवळ अपूर्णांक नाही. चौतीस भागिले शंभर म्हणजे शून्य, आणि शून्याला पाचशेने गुणलं काय न गुणलं काय! टक्केवारी काढताना आधी गुणायचं, भागायचं सगळ्यात शेवटी.

शेल बाकी टाकून देतो, जवळच्या पूर्णांकाकडे वळत नाही. बारा क्विंटलची रुई ४०८ किलो. $((४०८ / १७०)) म्हणजे २ गाठी, आणि $((४०८ % १७०)) म्हणजे ६८ किलो शिल्लक. हे दोन्ही जोडीने ठेवलेस तर काही हरवत नाही. जवळचा पूर्णांक हवाच असेल तर भागण्याआधी भाजकाचा निम्मा मिळव: (४०८ + ८५) / १७०. ही युक्ती अधिक आकड्यांपुरतीच. उणे आकड्यांत शेल शून्याकडे सरकतो. उणे सात भागिले दोन म्हणजे त्याच्याकडे उणे तीन.

घात करतानाही जप. दोनाचा घन हवा म्हणून दोन आणि तीन यांच्या मध्ये टोपीचं चिन्ह घातलंस तर उत्तर येईल १, कारण ते चिन्ह बॅशमध्ये बिटांची वेगळीच क्रिया करतं. घातासाठी दोन तारे. आणि आकडा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ च्या पुढे एकाने जरी गेला तरी उणे होऊन बसतो, तोही गपचूप. कापसात तू तिथवर जाणार नाहीस, पण नॅनोसेकंदांना कशाने तरी गुणायला गेलीस तर जाशील.

कापसाच्या काट्यावर चांदी मोजू नये

खामगावला रजतनगरी म्हणतात. तिथे एका रस्त्यावर ट्रक मोजणारा काटा आहे आणि दुसऱ्या गल्लीत सराफाचा काचेच्या पेटीतला. अंगठी घेऊन कुणी ट्रकच्या काट्यावर जात नाही. आपण मात्र ३.५ घेऊन बॅशकडे जातो. तो दशांश चिन्हाशी अडतो, चूक दाखवतो. चांगलंच करतो.

पावसाचं उदाहरण घे. हवामान खात्याच्या भाषेत जोरदार पाऊस २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून सुरू होतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांचा पाऊस तुला शेलमध्ये तपासायचा असेल तर दोन वाटा आहेत. पहिली, माप बारीक कर: मिलिमीटरऐवजी दशांश मिलिमीटर धर, म्हणजे ६४.५ चे ६४५ झाले. रुपयांऐवजी पैसे, क्विंटलऐवजी किलो. सगळे पूर्णांक, शेल खूश. दुसरी वाट, सराफाकडे जा: ऑक किंवा बीसी. पण बीसीला किती दशांश स्थळं हवीत ते सांगावं लागतं. 'स्केल=२' न सांगता सात भागिले दोन विचारलंस तर तोही तीनच म्हणतो. ऑक न सांगता साडेतीन देतो.

घाटाखाली झालेली बेरीज घाटावर येत नाही

आता तुझा प्रश्न. आपला जिल्हा दोन मजली आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार घाटावर. खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा घाटाखाली. राजूरचा घाट उतरलं की हवा बदलते, बोली बदलते. तुझ्या लूपमध्ये असाच एक घाट आहे, तुला तो दिसला नाही एवढंच.

तू फाइल 'कॅट' आज्ञेने वाचलीस, उभी रेघ मारून ती 'व्हाइल रीड'ला दिलीस आणि आत बेरीज केलीस. ती उभी रेघ म्हणजे घाट. रेघेपलीकडचा लूप चालवायला बॅश आपली एक नक्कल तयार करतो. तुझी व्हेरिएबल त्या नकलेबरोबर घाटाखाली जातात, तिथे वाढतात, म्हणून लूपच्या आत तुला बेरीज बरोबर दिसते. काम संपलं की नक्कल तिथेच मिटते. घाटावरच्या व्हेरिएबलला कुणी हातच लावलेला नसतो. ते आपलं शून्यच.

उपाय म्हणजे घाट उतरायचाच नाही. 'कॅट' आणि रेघ काढून टाक आणि लूपच्या शेवटी 'डन' नंतर < हे चिन्ह लावून फाइल तिथून दे. लूप घाटावरच चालेल आणि बेरीज जागेवर राहील. मजकूर फाइलमधून न येता एखाद्या आज्ञेतून येत असेल तर < <( ) असं लिहून आज्ञा कंसात ठेव. कॉर्न शेल आणि झेडशेल रेघेनंतरचा शेवटचा भाग स्वतःच चालवतात, म्हणून तीच स्क्रिप्ट झेडशेल वापरणाऱ्या एखाद्या मैत्रिणीकडे बरोबर चालेल. तिच्याशी भांडू नकोस.

साध्या एकेरी कंसात आज्ञा घातल्या तरी असाच घाट तयार होतो. कंस दिसला की विचारायचं: मी वर आहे की खाली?

पहिल्याच पोत्याला मेलेली स्क्रिप्ट

काळजी घेणारी माणसं स्क्रिप्टच्या माथ्यावर 'सेट उणे ई' लिहितात, म्हणजे कुठलीही आज्ञा फसली की तिथेच थांब. मग पोती मोजायला पोती=० ठेवतात आणि ((पोती++)) लिहितात. पहिल्याच पोत्याला स्क्रिप्ट बंद. पडद्यावर एक अक्षर नाही.

शेलच्या जगात आज्ञेने शून्य परत दिलं म्हणजे काम फत्ते. दुहेरी कंसाच्या जगात शून्य उत्तर म्हणजे खोटं, म्हणजे फसलं. आणि पोती++ हे वाढवण्याआधीची किंमत उत्तर म्हणून देतं, म्हणजे पहिल्या वेळी शून्य. गणित झालं, पोतं मोजलं गेलं, पण 'फसलं' असा निरोप गेला आणि 'सेट उणे ई'ने दुकान बंद केलं. म्हणून पोती=$((पोती + १)) असं सरळ लिही. थोडी अक्षरं जास्त, पण उत्तर शून्य येवो की काही येवो, ही ओळ फसत नाही.

१७० नावाची फाइल

एकदा माझ्या फोल्डरमध्ये १७० नावाची रिकामी फाइल दिसली. पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी एकेरी चौकोनी कंसात लिहिलं होतं [ $रुई > १७० ], म्हणजे रुई गाठीपेक्षा जास्त आहे का. शेलला त्या चिन्हाचा अर्थ 'या नावाच्या फाइलमध्ये लिही' असा लागला. फाइल तयार झाली आणि कंसात उरली नुसती रुई. काहीतरी आहे, म्हणजे खरं! तीन किलो रुईलाही माझी स्क्रिप्ट गाठ म्हणत होती.

दुहेरी चौकोनी कंसात फाइल होत नाही, पण तिथे हे चिन्ह अक्षरांची तुलना करतं. ९० हे १७० पेक्षा मोठे ठरतात, कारण शब्दकोशाच्या क्रमाने नऊ एकाच्या नंतर येतो. आकडे ताडायचे तर दुहेरी गोल कंस वापर, ((रुई > १७०)), नाहीतर चौकोनी कंसात 'उणे जीटी'.

परका हात

विंडोजवरून आलेल्या फाइलच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न नावाचं न दिसणारं अक्षर असतं. तुला ५ दिसतो, शेलला ५ आणि आणखी काहीतरी. चूक दाखवणारा संदेशही अर्धा खाल्ल्यासारखा उमटतो, कारण ते अक्षर छपाईला ओळीच्या सुरुवातीला ओढतं. संदेश असा तुटका दिसला की डोकं खाजवत बसू नकोस, 'टीआर'ने ते अक्षर काढ.

आणि हे गंभीर आहे, नीट ऐक. मघाशी म्हटलं ना, शेल व्हेरिएबलच्या आतला मजकूर उघडून त्याचं गणित करतो? त्या मजकुरात कुणी चौकोनी कंस घालून त्यात एखादी आज्ञा लपवली तर गणित करता करता शेल ती आज्ञाही चालवतो. वजन मोजायला ठेवलेला काटा त्या माणसाच्या हाती संगणक देऊन बसतो. 'उणे ईक्यू'सारख्या तुलनेतही दुहेरी चौकोनी कंसात हे होतं. बाहेरून आलेलं काहीही, फॉर्ममधून येवो की फाइलमधून, आधी अंकच आहेत ना ते तपास, मगच काट्यावर चढव.

शेवटी, घट मांड

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. निरनिराळी धान्यं गोलात ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा जागचा हलला ते पाहून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. भाकितावर किती विश्वास ठेवायचा ते तुझं तू ठरव. पण मांडणीची शिस्त घेण्यासारखी आहे: काय कुठे ठेवलं ते आधी माहीत हवं, म्हणजे काय हललं ते कळतं.

तूही एक छोटी फाइल कर. आठ ओळींची. एक रिकामी ओळ. एक ०. एक ०८. एक ०१०. एक १,२५,५००. एक ६४.५. एक ओळ 'निल'. आणि एक ५, ज्याच्या शेवटी कॅरेज रिटर्न आहे. प्रत्येकापुढे कागदावर लिहून ठेव की काय यायला हवं. नवी स्क्रिप्ट लिहिलीस की खऱ्या फाइलआधी हे आठ दाणे तिच्यातून काढ, 'सेट उणे एक्स' लावून, म्हणजे शेल काय वाचतोय ते ओळीओळीने दिसेल. जो दाणा ओरडेल त्याची काळजी नको. जो गप्प राहून भलताच आकडा देईल, तिथे बस आणि शोध.

तुझे आजोबा रोज पहाटे पहिली गाडी घेण्याआधी काटा रिकामा पाहायचे, मग त्यावर छापाचं वजन ठेवायचे, मग गाडी. रांगेतले लोक चिडायचे. ते ऐकायचे नाहीत.

मीही जानेवारीत दहाची मोजणी सांगणारी ती तीन अक्षरं घातली आणि आठ तारखेची वाट पाहिली. आकडा आला. मुनीमजींनी पावती हातात घेतली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सुटला वाट्टे उपास."